अनामत रक्कम नेमके काय मोजते?

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार रिंगणात होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष जावे म्हणून मराठी भाषकांनी घाऊक अर्ज भरले होते. नलगोंड्यात फ्लोराइडयुक्त पाण्याने पिचलेल्या गावांनी हीच वाट धरली आणि तिथला आकडा ४८० वर गेला. तामिळनाडूतल्या मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात शेतकऱ्यांच्या निषेधामुळे तब्बल १,०३३ उमेदवार झाले. मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली आणि मतदान पुढे ढकलावे लागले. देशभरात लोकसभेचे उमेदवार होते १३,९५२. संसदेने त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायदा बदलला. लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० केली आणि अपक्षांना व अमान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना एकाऐवजी दहा सूचक आणायला लावले. १९९८ मध्ये उमेदवारांची संख्या ४,७५० वर आली. २०१० पासून अनामत २५,००० आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना त्याच्या निम्मी. तेव्हापासून अनामत वाढवणे म्हणजे निवडणूक सुधारणा, असे समीकरण रूढ झाले आहे. मला ते मान्य नाही. गर्दी घटली हे खरे, पण चाळणीतून कोण गळाले आणि कोण सहज पार झाले, हे पाहिल्याशिवाय तिला सुधारणा म्हणता येत नाही.

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत, तर अनामत जप्त होते. पहिल्या लोकसभेच्या वेळी १,८७४ उमेदवारांपैकी ७४५ जणांची, म्हणजे सुमारे ४० टक्के उमेदवारांची अनामत गेली. २०२४ मध्ये ८,३६० पैकी ७,१९० जणांची गेली. हे प्रमाण ८६ टक्के होते. रक्कम पन्नासपट झाली आणि जप्तीचे प्रमाण दुपटीच्याही पुढे गेले. यावर उत्तर येते की महागाई पाहता २५,००० ही रक्कम किरकोळच आहे, ती आणखी वाढवायला हवी. पण किरकोळ कोणासाठी? मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्च करण्याची मुभा आहे. तेवढा खर्च करणाऱ्याला अनामत शेकडा पाव रुपयाच्या आसपास पडते. ऊसतोड कामगाराच्या घरात तीच रक्कम कित्येक आठवड्यांची मजुरी असते. म्हणजे अनामत उमेदवाराचे गांभीर्य मोजत नाही, त्याची ऐपत मोजते. ज्याला मुद्दाम उभे केले जाते, त्याला तर ती अडवतच नाही. रायगडात २०१४ साली सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते पडली. असा उमेदवार कोणाच्या डावाचा भाग असेल, तर डाव मांडणाऱ्याला २५ हजार जड जाणार नाहीत.

गांभीर्य मोजायचेच असेल तर माणसे मोजावीत. मतदारसंघातले किती मतदार ‘हे नाव यंत्रावर असावे’ म्हणून सही करायला तयार आहेत, हा सरळ प्रश्न आहे. १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या एका प्रकरणात सांगितले, की पैसे नसलेल्या उमेदवाराला दुसरा मार्ग न देता शुल्कासाठी अडवता येणार नाही. आयर्लंडमध्ये २००१ साली अनामतीची सक्ती न्यायालयाने रद्द ठरवली. आता तिथे कोणत्याही पक्षाचा नसलेला उमेदवार ५०० युरो भरतो किंवा ३० मतदारांचे समर्थन आणतो. आपल्याकडेही असा पर्याय ठेवता येईल. पंधरा-वीस लाख मतदारांच्या मतदारसंघात पाचशे सह्या आणणाऱ्याला अनामत माफ करावी. त्या सह्या गोळा करायला पायपीट करावी लागते, लोकांना पटवावे लागते आणि उमेदवाराकडून आपली अपेक्षाही तेवढीच असते.

या सूचनेवरचा आक्षेप वजनदार आहे. सह्या बनावट असू शकतात, सही करणाऱ्यांवर दबाव येऊ शकतो. सुरतमध्ये २०२४ साली काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी ‘या सह्या आमच्या नाहीत’ असे सांगितले, अर्ज बाद झाला आणि शेवटी भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आला. पण तिथे सारी उमेदवारी मोजक्या सूचकांवर टांगलेली होती. तिघाचौघांना फिरवता येते, पाचशे जणांना फिरवणे अवघड. दुसरा धोका अमेरिकेत दिसतो आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. जॉर्जिया राज्याने १९४३ मध्ये पाच टक्के मतदारांच्या सह्यांची अट घातली. पुढची पाऊणशे वर्षे प्रतिनिधिगृहाच्या नियमित निवडणुकीत तिसऱ्या पक्षाच्या एकाही उमेदवाराला सह्यांच्या बळावर मतपत्रिकेवर जागा मिळाली नाही. सह्यांचीही भिंत होऊ शकते, ती अशी. म्हणून आकडा टक्केवारीत न ठेवता ठरावीक आणि लहान असावा, तो कायद्यातच लिहिलेला असावा आणि काही सह्या बाद झाल्या तर चालावे म्हणून जादा सह्या देण्याची सोय असावी.

अर्ज मंजूर झाला तरी छोट्या पक्षाची अडचण संपत नाही. मान्यताप्राप्त पक्षाचे चिन्ह वर्षभर भिंतींवर असते. इतरांना ते अर्ज माघारीची मुदत संपल्यावर मिळते आणि तिथून मतदानापर्यंत कायद्याने किमान चौदा दिवसच हमखास असतात. त्यातले शेवटचे ४८ तास प्रचारबंदीचे. एवढ्या दिवसांत पत्रके छापायची, ती गावोगाव पोचवायची आणि मतदाराच्या डोळ्यांत चिन्ह बसवायचे. २०२४ मध्ये वंचित बहुजन आघाडीचे चिन्ह अकोल्यात प्रेशर कुकर होते, पुण्यात रोडरोलर. एका शहरातली सभा दुसऱ्या शहरातल्या मतदाराच्या कामी येत नाही. यंत्रावरची नावेही आधी मान्यताप्राप्त पक्षांची, मग नोंदणीकृत पक्षांची, मग बाकीच्यांची, अशीच लागतात. अमान्यताप्राप्त पक्षाला सर्व जागांसाठी समान चिन्ह मागण्याची सोय निवडणूक आयोगाच्या चिन्ह आदेशात आहे, पण ते चिन्ह त्याचे राहत नाही. ‘नाम तमिळर कच्ची’चे ऊस-शेतकरी चिन्ह दुसऱ्या पक्षाने आधी अर्ज केल्याने त्याच्याकडे गेले. माइक हे चिन्ह घेऊन लढलेल्या ‘नाम तमिळर कच्ची’ने तामिळनाडूत आठ टक्क्यांहून अधिक मते मिळवली आणि मान्यता पटकावली, हे त्याचे कर्तृत्व. त्याचा आधार घेऊन नियमाचे समर्थन होत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यताप्राप्त पक्षांनाच चिन्ह राखून ठेवण्याची ही व्यवस्था बहुमताने वैध ठरवली, तरी न्या. चेलमेश्वर यांनी ती समानतेच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचे वेगळ्या निकालात नोंदवले. मला त्यांची बाजू अधिक पटते.

नोंदणीकृत पक्ष हजारोंनी आहेत, सगळ्यांना चिन्हे कुठून आणायची, असे विचारले जाते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष यादीतून काढले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. ही सफाई योग्यच होती आणि जे खरोखर लढतात त्यांच्यासाठी तिने जागा मोकळी केली. चिन्हे वाढली की मतदारांचा गोंधळ होतो, असे सांगताना साताऱ्याचा दाखलाही दिला जातो. तिथे २०२४ मध्ये ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावरचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि ‘तुतारी’ असे नाव दिलेल्या चिन्हावरच्या अपक्षाने ३७,०६२ मते घेतली. पण मिळतीजुळती चिन्हे यादीत ठेवण्याची चूक त्या अपक्षाची नव्हती. लागोपाठ दोन निवडणुकांत ठरावीक जागा लढवणाऱ्या पक्षाचे चिन्ह पुढच्या निवडणुकीपर्यंत राखून ठेवावे आणि ते मतदानाच्या किमान महिनाभर आधी जाहीर करावे. अनामतीचा पर्याय आणायला संसदेत दुरुस्ती लागेल. चिन्हांसाठी तीही लागणार नाही, कारण १९६८ चा चिन्ह आदेश आयोगानेच काढलेला आहे आणि त्यात आयोगाने आजवर अनेकदा स्वतःच बदल केले आहेत.