चौरस, आयत आणि त्यांचे भाऊबंद

“चौरस हा आयत आहे काय?” असा प्रश्न वर्गांत विचारला, तर पुष्कळ विद्यार्थी “नाहीं” असें उत्तर देतात. आयत म्हणजे लांबट आकृति, अशी त्यांची समजूत असते. परंतु भूमितींत आकृति डोळ्यांस कशी दिसते यापेक्षां ती कोणत्या अटी पाळते, यालाच महत्त्व आहे.

चार सरळ बाजूंनीं बंद झालेली आकृति ती चौकोन. त्याच्या समोरासमोरील बाजूंची एकच जोडी समांतर असल्यास तो समलंब चौकोन, आणि दोन्ही जोड्या समांतर असल्यास समांतरभुज चौकोन होय. समांतरभुज चौकोनाचे चारी कोन काटकोन असले म्हणजे तो आयत. चारी बाजू सारख्या असल्या म्हणजे तो समभुज चौकोन. आणि या दोन्ही अटी एकत्र आल्या म्हणजे तो चौरस. यावरून उघड आहे कीं, प्रत्येक चौरस हा आयतही आहे व समभुज चौकोनही आहे. पण प्रत्येक आयत चौरस नव्हे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडानें व्याख्या करतांना चौरसाला आयतापासून वेगळें ठेविलें होतें. आतां त्याला आयतांतच धरतात. कारण मग आयताविषयीं सिद्ध झालेली प्रत्येक गोष्ट चौरसास आपोआप लागू पडते.

हा भेद केवळ नांवांचा आहे काय? बांबूच्या चार सारख्या कामट्या घेऊन त्यांचीं टोकें सैलसर बांधा व त्यांचा चौरस करा. आतां एक कोपरा हळूच दाबा. एकही कामटी लांब वा आंखूड झाली नाहीं, तरी चौरसाचा चौरसपणा गेला व तिरपा समभुज चौकोन उरला. आणखी दाबाल, तर आंतील जागा कमी कमी होत अखेर नाहींशी होईल.

ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें चौकोनाच्या क्षेत्रफळाचा एक स्थूल नियम दिला होता: समोरासमोरील बाजूंच्या बेरजा निम्म्या करून त्यांचा गुणाकार करावा. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ ग्रंथांत दाखविलें कीं, नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ निश्चित होत नाहीं. एखादा कर्ण किंवा लंबही ठाऊक असावा लागतो. त्यांच्या उदाहरणांत प्रत्येक बाजू २५ आहे. चौरस असल्यास क्षेत्रफळ ६२५ येतें. कर्ण ३० व ४० असल्यास ६००. आणि कर्ण १४ व ४८ असल्यास अवघें ३३६. स्थूल नियम मात्र तिन्ही वेळां ६२५ च सांगतो!

पालकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. चारी बाजू पंचवीस पंचवीस मीटर भरल्या म्हणून एखाद्यानें ६२५ चौरस मीटरांचे पैसे मोजले आणि जागा त्या तिसऱ्या आकृतीची निघाली, तर २८९ चौरस मीटरांचे पैसे पाण्यांत गेले.

यावर उपाय सोपा आहे. एक कर्ण मोजला कीं चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि तीन बाजू ठरलेला त्रिकोण आपला आकार बदलूं शकत नाहीं. लांकडी फाटकावर सुतार एक तिरपी पट्टी ठोकतो, ती याच कारणानें. घराचा पाया आंखतांनाही समोरासमोरील बाजू सारख्या करून दोरीनें दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले तर पाया काटकोनांत आहे. न भरल्यास खोली तिरपी होणार, हें भिंत उभी राहण्यापूर्वींच कळतें. विद्यार्थ्यांनीं आजच घरच्या खाटेचे दोन्ही कर्ण दोरीनें मोजून पाहावे, आणि ती खरोखर आयत आहे कीं नाहीं, हें आपल्या वडील माणसांस सांगावें.