अंगठ्यालाही कुलूप हवे

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावातील रेशन दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा. सकाळपासून बांधीत वाकून धानाची रोपे लावलेली एखादी काकू दुपारच्या सुटीत धान्य न्यायला येते. यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवते. यंत्र नकार देते. दुकानदार म्हणतो, "काकू, हात धुऊन या जी. परत ठेवा." ती हात धुते, पदराला पुसते, परत ठेवते. पुन्हा नकार. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कधीतरी ठसा जुळतो आणि पावती निघते.

दुसऱ्या दिवशी हीच काकू 'लाडकी बहीण'चे दीड हजार रुपये काढायला गावातल्या बँक मित्राकडे जाते. तिथेही यंत्र आहे, तिथेही अंगठा आहे आणि तिथेही तेच शब्द कानावर पडतात: "परत ठेवा." सवयीने ती परत ठेवते.

रेशनच्या दुकानात पुन्हा अंगठा ठेवल्याने फार तर वेळ जातो. पैसे काढण्याच्या यंत्रावर मात्र प्रत्येक यशस्वी ठसा हा स्वतंत्र व्यवहार असू शकतो. 'ठसा आला नाही' असे सांगून त्याच वेळी रक्कम काढून घ्यायची, मग दुसऱ्या ठशाला ग्राहकाला मागितलेले पैसे द्यायचे, अशा फसवणुकीचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. बहुतेक बँक मित्र प्रामाणिकपणे काम करतात आणि बँक दूर असलेल्या गावांना त्यांचा मोठा आधार आहे. पण ज्यांचा ठसा खरोखरच वारंवार नाकारला जातो, त्यांना खोटा नकार ओळखणे सर्वांत कठीण जाते. म्हणून आधी हे समजून घेऊ की ठसा नाकारला का जातो.

बोट का ओळखले जात नाही?

बोटांच्या टोकावरील रेषा आईच्या पोटातच तयार होतात. गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्यांची सुरुवात होते आणि सहाव्या महिन्यापर्यंत त्यांची नक्षी पक्की होते. या नक्षीचा पाया त्वचेच्या आतल्या थरात असतो. म्हणून वरची त्वचा घासली, सोलली तरी काही आठवड्यांनी नवी त्वचा येते ती जुनीच नक्षी घेऊन.

मात्र यंत्र वाचते ती वरची त्वचा. धानाच्या बांधीत तासन्‌तास हात पाण्यात आणि चिखलात राहिले की बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. त्वचा पाणी पिऊन फुगते म्हणून असे होते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हे काम नसांचे आहे. पाण्यात राहिल्यावर बोटांच्या टोकांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आतला भाग थोडा बसतो आणि वरची त्वचा दुमडते. हाताची नस दुखावलेल्या रुग्णांची बोटे पाण्यात सुरकुतत नाहीत, हे डॉक्टरांनी १९३०च्या दशकातच पाहिले होते. या सुरकुत्यांमुळे मूळ रेषा वाकड्या दिसतात आणि यंत्र गोंधळते. हात कोरडे करून वीस-पंचवीस मिनिटे थांबले की सुरकुत्या उतरतात.

दुसरे कारण झिजेचे. विळा धरणारे, विडी वळणारे, कोशाचे सूत काढणारे, पितळेची भांडी घडवणारे हात रोज घासले जातात. वय वाढते तशी त्वचा कोरडी पडते, रेषांचा उठाव कमी होतो. कर्करोगावरील काही औषधांनीही तळहाताची त्वचा सोलली जाऊन ठसे तात्पुरते पुसट होतात. यात त्या माणसाचा काही दोष नसतो.

ठसा जुळला नाही म्हणून कोणाचे रेशन नाकारू नये, पर्यायी मार्गाने ओळख पटवावी, अशी सूचना आधार प्राधिकरणाने २०१७ मध्येच दिली आहे. अंगठाच हवा असेही नाही. दहाही बोटांचे ठसे नोंदलेले असतात. डाव्या हाताचे कमी वापरातले बोट अनेकदा पहिल्याच खेपेला जुळते.

यंत्र नेमके काय पाहते?

यंत्र बोटाचे चित्र जसेच्या तसे ताडून पाहत नाही. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, असे बारीक बिंदू ते टिपते आणि त्यांची मांडणी नोंदणीच्या वेळच्या मांडणीशी ताडते. दोन्ही मांडण्या शंभर टक्के कधीच जुळत नाहीत. किती जुळले म्हणजे पुरे, हे आधी ठरवावे लागते. हे धान चाळण्यासारखे आहे. चाळणीची भोके बारीक ठेवली तर चांगले दाणेही अडकतात, मोठी ठेवली तर खडेही खाली येतात. नियम कडक केला तर खरा माणूस अडतो, सैल केला तर खोटा आत शिरतो.

खोटा अंगठा

ठशावरून माणूस ओळखण्याची पद्धत भारतातच रुजली. १८५८ मध्ये बंगालमधील इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल याने एका कंत्राटदाराकडून करारनाम्यावर हाताचा ठसा घेतला. पुढे त्याने सही नाकारू नये, एवढाच त्यामागे हेतू होता. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचे कार्यालय उघडले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तेथे ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत उभी करण्यात मोठा वाटा उचलला. आपल्याकडच्या जुन्या दस्तांवर 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिलेले असते, ते याच परंपरेतले. त्या काळी कागदावरचा अंगठा म्हणजे फक्त साक्ष होती. आज तोच अंगठा बँक खात्याची किल्ली झाला आहे, आणि जुन्या साक्षीवरून किल्ली बनवता येते.

२००२ मध्ये जपानच्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातील त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जेली बनवण्याच्या साध्या जिलेटिनपासून बोटे तयार केली आणि त्या वेळची ठसायंत्रे फसवून दाखवली. काचेवर उमटलेल्या ठशावरूनही त्यांनी असे बोट बनवले होते. आपल्याकडे २०१८ मध्ये तेलंगणात जमीन नोंदणीच्या दस्तांवरील ठशांवरून बनावट ठसे तयार करून सिमकार्डे सुरू केल्याचा प्रकार उघड झाला. २०२३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये अनेकांच्या खात्यांतून अशाच रीतीने पैसे गेल्याच्या तक्रारी आल्या. त्यांना कोणाचा फोन आला नव्हता, त्यांनी कोणाला ओटीपी सांगितला नव्हता.

ओटीपी सांगू नका, हे आता लहान मुलांनाही पाठ आहे. पण अंगठा लावून पैसे काढताना साधारणपणे ओटीपी लागतच नाही. बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि ठसा एवढे पुरते. आधारच्या झेरॉक्स आपण जागोजागी देत असतो आणि ठसा दस्तावर असतो. गुन्हेगाराला लागणारे सगळे कागदावरच मिळते.

यावर तांत्रिक उपाय झाले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने रेषांच्या बिंदूंबरोबरच बोटाचे पूर्ण चित्र तपासून ते जिवंत आहे की नकली, हे ओळखणारी व्यवस्था सुरू केल्याचे जाहीर केले. नव्या यंत्रांमध्ये ठसा यंत्रातच सांकेतिक रूपात बदलला जातो. चोरी त्यामुळे अवघड झाली आहे, अशक्य झालेली नाही.

चोरी गेला तर बदलायचा कसा?

घराची किल्ली हरवली तर आपण कुलूप बदलतो. पिन फुटला तर नवा ठेवतो. बोटाचे तसे नाही. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. त्या माणसांना नवी बोटे कोण देणार? ठसा एकदा बाहेर गेला की आयुष्यभरासाठी गेला. म्हणून तो लपवण्यापेक्षा त्याला कुलूप लावणे हा खरा उपाय आहे. असे कुलूप फुकट मिळते, पण फार थोड्यांना ठाऊक असते.

काय करावे?

१. ठसे कुलूपबंद करा. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा आधारच्या मोबाइल अॅपमध्ये 'बायोमेट्रिक लॉक'ची सोय आहे. ते लावले की ठसा, डोळा किंवा चेहरा यांपैकी कशानेही ओळख पटत नाही, मग बोट खरे असो वा खोटे. रेशन घ्यायच्या किंवा पैसे काढायच्या वेळी ते तात्पुरते उघडावे. १० मिनिटांनी ते आपोआप बंद होते. यासाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. आपले अॅप दुसऱ्याच्या फोनवर उघडू नये. घरातल्या विश्वासू मुलाची किंवा सुनेची मदत घ्यावी.

२. कुलूप लावले म्हणून अनुदान थांबत नाही. लाडकी बहीण, किसान सन्मान किंवा धानाचे पैसे खात्यात जमा होण्यासाठी दर वेळी ठसा लागत नाही. कुलूप फक्त ठशाच्या वापराला लागते.

३. अंगठ्याने पैसे काढतच नसाल तर ती सोय बंद करा. अनेक बँका अर्ज दिल्यावर खात्यावरील आधारद्वारे पैसे काढण्याची सोय बंद करून देतात.

४. एक ठसा, एक पावती. अंगठा ठेवण्याआधी पडद्यावरची रक्कम वाचा किंवा वाचून घ्या. ठसा जुळला नाही असे सांगितले तर नकाराची पावती मागा, मगच परत ठेवा. निघताना शिल्लक विचारा. ठसा नेहमीच नाकारला जात असेल, तर हात पुसून थोडे थांबा, दुसरे बोट ठेवून पाहा.

५. झेरॉक्स देताना झाकलेले आधार द्या. संकेतस्थळावरून असे आधार उतरवता येते, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. बहुतेक कामांना ते पुरते.

६. ठसा कुठे वापरला गेला ते पाहा. मागील सहा महिन्यांत आपले आधार कधी आणि कशाने तपासले गेले, याची यादी त्याच संकेतस्थळावर मिळते. आपण घरी असताना एखाद्या दिवशी ठसा वापरल्याची नोंद दिसली, तर लगेच जागे व्हा.

पैसे गेलेच तर

आधी १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवून धरण्याची शक्यता जास्त. त्यानंतर ठसे कुलूपबंद करा, बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. आपली किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर भार पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे. म्हणून पोच जपून ठेवा.

त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे त्या पीठावर होते. दिल्लीत मान्य झालेला हा हक्क लाखांदूरच्या काकूंपर्यंत पोचायचा, तर त्यांना दोन गोष्टी ठाऊक असायला हव्यात: परत अंगठा ठेवण्याआधी 'का?' असे विचारता येते, आणि अंगठ्याला कुलूप लावता येते.

फसलेली माणसे बहुधा गप्प राहतात. "घरचे काय म्हणतील", "आपणच अडाणी ठरू" या भीतीत पहिला, मोलाचा तास निघून जातो. ज्या ठशाची नक्कल यंत्रालाही ओळखता आली नाही, ती आपल्याला ओळखता आली नाही, यात लाज कसली? या रविवारी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा, त्यांचा फोन हाती घ्या आणि त्यांच्यासमोरच हे कुलूप लावून द्या. कसे उघडायचे तेही दोनदा करून दाखवा. रेशनच्या दिवशी त्यांना ते उपयोगी पडेल.