क्रेटा की ग्रँड विटारा? भाग ५ : घाटाचा हिशोब

डिकीचं प्रकरण या आठवड्यात येणार होतं, ते पुढे ढकलतो आहे. हायब्रिडवरचा मागचा भाग वाचून साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलंय, 'स्ट्राँग हायब्रिड ग्रँड विटारा उतारावर आपोआप चार्ज होते. आमचं जाणं-येणं सगळं घाटातलं. मग डिझेल क्रेटाचा विचार करायचाच कशाला?' शोरूममध्येही हेच ऐकवलं जातं, आणि ते इतकं पटण्यासारखं वाटतं की कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही. आपण बसू. कारण माझं मत उलटं आहे. हायब्रिडची खरी कमाई शहरातली. सलग मोठ्या घाटात तिच्या हाती फारसं काही लागत नाही.

खंडाळ्याचा घाट घ्या. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर, खोपोली साठ-सत्तर मीटरवर. म्हणजे गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. पाच माणसं आणि बॅगा मिळून तिचं वजन १७०० किलो धरलं, तर या उतारात मोकळी होणारी ऊर्जा अडीच युनिट भरते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. वारा आणि टायर यांचा वाटा वजा केला तरी दीडेक युनिट उरावं. आता बॅटरी पाहा: ०.७६ युनिटची, म्हणजे जेमतेम पाऊण. तीही काठोकाठ वापरता येत नाही. आयुष्य टिकावं म्हणून गाडीचा संगणक ती कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही, पूर्ण भरूही देत नाही. प्रत्यक्ष हाती येते ती निम्मी. आषाढात वळचणीखाली तांब्या ठेवावा तसं होतं. पाऊस कितीही पडो, मिळणार तांब्याभरच. घाट अर्ध्यावर येतो तोवर बॅटरी भरलेली असते. त्यानंतर उताराची ऊर्जा एकतर ब्रेकमध्ये तापून जाते किंवा इंजिन पेट्रोलशिवाय नुसतं फिरवण्यात खर्ची पडते. उतारावर इंजिनाचा आवाज अचानक चढतो तो यामुळेच. गाडी बिघडलेली नसते.

या तांब्याभर विजेची किंमत काढू. लिटरभर पेट्रोलमध्ये उष्णतेच्या रूपात सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते आणि उत्तम इंजिन तिच्यातलं फार तर चाळीस टक्के चाकांकडे पाठवतं. म्हणजे साडेतीन युनिट. बॅटरीत जमलेली ०.३५ ते ०.४ युनिट वीज म्हणजे लिटरचा नववा-दहावा हिस्सा. पेट्रोल शंभरीपार असलं तरी एक अख्खा घाट उतरून खिशात पडतात दहा-बारा रुपये.

यावर कुणी म्हणेल, दहा तर दहा, डिझेलवाल्याला तेवढेही मिळत नाहीत. खरं आहे. पण डिझेल गाडी उतारावर इंधन जाळत असते ही समजूत चुकीची आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजच्या इंजिनांचा इंधनपुरवठा बंद होतो आणि चाकंच इंजिन फिरवतात. क्रेटाचं डिझेल तिसऱ्या गिअरमध्ये घाट उतरताना जवळपास काहीच पीत नाही. (न्यूट्रल करून घाट उतरवणाऱ्या बहाद्दरांनी हे खास वाचावं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, वर इंजिनाचा रोध गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. हायब्रिड न्यूट्रलमध्ये टाकली तर तिचं चार्जिंगही बंद.) तेव्हा उताराला फरक तेवढ्या दहा-बारा रुपयांचाच.

मग ग्रँड विटाराचं २७.९७चं प्रमाणित ॲव्हरेज, क्रेटा डिझेलच्या २१.८ आणि ऑटोमॅटिकच्या १९.१ समोर, येतं कुठून? ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. तिथे थांबणं-निघणं असतं. चढ नाही, उतार नाही. ताशी ५०वरून गाडी थांबवली की युनिटचा सुमारे विसावा भाग मोकळा होतो. बॅटरीला तो घास सहज गिळता येतो, आणि सिग्नल सुटल्यावर तीच वीज वापरून जागा पुन्हा मोकळी होते. असे पन्नास-पंचावन्न सिग्नल मिळून अख्ख्या खंडाळ्याएवढी ऊर्जा होते, फक्त ती फारशी वाया जात नाही. हिंजवडीला रोज ये-जा करणाऱ्याला हा घाट आठवड्यातून अनेकदा भेटतो. कोकणातही तसंच. सागरी महामार्गावर एक टेकडी चढायची, खाडीपर्यंत उतरायचं, पुन्हा चढायचं. तिथे बॅटरी सतत भरते आणि रिकामी होते. त्यामुळे 'घाट' म्हणून सगळे रस्ते एकाच मापाने मोजू नयेत.

चढाबद्दल मात्र हायब्रिडवर अन्याय होतो. लोक विचारतात, 'इंजिन तीन सिलिंडरचं, ९२ अश्वशक्तीचं, भरली गाडी चढवेल का?' चढवेल. साडेपाचशे मीटर पंधरा मिनिटांत चढायला उंचीपुरती लागते चौदा अश्वशक्ती. वारा आणि टायर धरून वीस-बावीस. इंजिन केकाटेल, दमणार नाही. अडचण येते ती रांगेतल्या ट्रकला मागे टाकताना. कागदावर दोन्ही गाड्या ११६ अश्वशक्तीच्या, पण हायब्रिडचे ११६ मोटर धरून आहेत आणि लांबलचक चढावर बॅटरी उतरली की मोटरची मदत आटते. क्रेटाचं डिझेल १५०० आरपीएमपासून २५० न्यूटन-मीटर देतं आणि घाटमाथ्यापर्यंत तेच देत राहतं. नेहमी भरल्या गाडीने सह्याद्री चढणाऱ्याला हा फरक पायाखाली जाणवतो. शहरातच छोट्या फेऱ्या मारणाऱ्याने मात्र डिझेलच्या वाटेला जाऊ नये. धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर साफ व्हायला लांब, गरम धाव लागते.

हायब्रिडच्या बाजूने साताऱ्याच्या वाचकांना एक भक्कम मुद्दा देता येतो, पण तो आरटीओतला आहे. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला रस्ताकर १४ टक्के, पेट्रोलला १२ टक्के, आणि ही हायब्रिड पेट्रोलमध्ये मोडते. अठरा लाखांच्या गाडीवर फरक ३६,००० रुपये. तेवढे पैसे घाटातल्या विजेतून वसूल करायचे तर खंडाळा तीन हजार वेळा उतरावा लागेल.

तेव्हा टेस्ट ड्राइव्हला शोरूमभोवती चक्कर मारून परतू नका. घरची पाच माणसं बसवून खंबाटकी घाट चढा. उतरताना हायब्रिडचा लिव्हर 'बी'वर (इंजिनाचा रोध वाढवणाऱ्या खाचेत) टाकून इंजिनाचा आवाज घरच्यांना चालतो का तेही विचारून घ्या. डिकी पुढच्या आठवड्यात नक्की. क्रेटाचे ४३३ लिटर आणि हायब्रिडचे २६५ यांतली तफावतही बरीचशी या बॅटरीचीच करणी आहे.