एक घंटा, दोन सूर

म्युझियम म्हटलं की मला आधी जांभई येते! मागच्या सुट्टीत काकांकडे चीनला गेलो होतो. काकूने वुहानच्या हुबेई प्रांतिक संग्रहालयात न्यायचं ठरवलं, तेव्हा मनात म्हटलं, झालं, एक दिवस फुकट! पण संध्याकाळी तिला मला तिथून अक्षरशः ओढून बाहेर काढावं लागलं.

कारण म्हणजे त्संग राज्याचा राजा यी याच्या कबरीतल्या 65 ब्राँझच्या घंटा. 1977 मध्ये सुईचौ इथे बांधकामासाठी सुरुंग लावताना ही कबर सापडली आणि 1978 मध्ये उत्खनन झालं. काळ इसवी सनापूर्वी 433 च्या सुमाराचा. काटकोनात वळलेला तीन मजली सांगाडा, त्याला डोक्याहाताने पेलणारे ब्राँझचे योद्धे, आणि सर्वात जड घंटा 203 किलोंची!

पण खरी गंमत पुढेच आहे. इथल्या एका घंटेतून दोन वेगळे सूर निघतात. कसे?

आपल्या देवळातली घंटा गोल असते. कडेला कुठेही टोल द्या, सूर तोच. या घंटेचा आडवा छेद मात्र बदामासारखा आहे. त्यामुळे तिची कंपनं दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींत विभागली जातात. मधोमध ठोकलं तर एक मोड जागा होतो, थोडं बाजूला ठोकलं तर दुसरा. एकाचा अँटिनोड जिथे, तिथेच दुसऱ्याचा नोड, म्हणून दोघं एकमेकांत लुडबुडत नाहीत. कुठे ठोकल्यावर कोणता सूर येईल, हे घंटेवर सोन्याने कोरूनही ठेवलंय! शिवाय चपट्या आकारामुळे आवाज लवकर विरतो, म्हणजे पुढचा सूर स्वच्छ ऐकू येतो.

आता खरं सांगतो. व्हायब्रेशन्समध्ये मला केटी लागली होती. नोड, मोड शेप, सगळं घोकून लिहिलं होतं, कळलं काहीच नव्हतं. मूळ घंटा आता वाजवत नाहीत. पण तिथे प्रतिकृतींवर कार्यक्रम होतो. वादकाने एकाच घंटेवर दोन ठिकाणी ठोकलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्यांनी या घडवल्या त्यांच्याकडे ना कॅल्क्युलेटर, ना ॲन्सिस. ओतायचं, आतून घासायचं, कान लावून ऐकायचं, पुन्हा घासायचं. आणि आपण एक असाइनमेंट कॉपी करताना दमतो!

केटी सुटली. पेपरात आकृती बदामाचीच काढली होती.