विश्लेषण : घरच्या रीफ टँकमध्ये प्रोटीन स्किमर हवाच का?

खाऱ्या पाण्याच्या टँकचा खर्च मांडायला बसले की यादीत हमखास येतो तो प्रोटीन स्किमर. कुणी सांगते, त्याशिवाय टँक टिकणार नाही. काही हौशी मात्र वर्षानुवर्षे त्याविना टँक सांभाळतात. मग नेमके खरे काय?

स्किमर काम कसे करतो?
माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि प्रवाळांचा चिकट स्राव यांतून सेंद्रिय द्रव्ये पाण्यात मिसळतात. स्किमरच्या उभ्या नळीत हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले जातात. ही द्रव्ये बुडबुड्यांना चिकटतात, फेस वर चढतो आणि तपकिरी, दुर्गंधीयुक्त पाणी कपात साचते. गोड्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, त्यामुळे तिथे हे यंत्र फारसे चालत नाही.

फायदा किती?
घाण कुजून अमोनिया आणि पुढे नायट्रेट तयार होण्याआधीच तिचा काही भाग बाहेर जातो. पाण्यातला प्राणवायूही वाढतो. मात्र आधीच विरघळलेले नायट्रेट स्किमर काढत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांच्या चाचण्यांत स्किमरने पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच काढला. म्हणजे स्किमर घेतला तरी पाणी बदलणे सुटत नाही.

त्याविना चालते का?
चालते. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६०च्या दशकात जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवले. पुढे जर्मनीत रुजलेल्या ‘बर्लिन पद्धती’त जिवंत खडकाला दमदार स्किमरची जोड मिळाली. दोन्ही पद्धती यशस्वी ठरल्या.

मग कोणी घ्यावा?
टँक ५०-६० लिटरचा, मासे एक-दोन आणि दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदलण्याची तयारी असेल, तर पैसे वाचवा. टँक मोठा, मासे जास्त आणि खाद्यही भरपूर असेल, तर स्किमर उपयोगी पडतो. भारतात खडकी प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १चे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे आणि विकणे गुन्हा आहे. त्यामुळे आपल्याकडे निर्णय मुख्यतः माशांच्या संख्येवरच ठरतो.

घेतल्यावर काय पाहावे?
नवा स्किमर स्थिरावायला काही दिवस लागतात. नळीच्या गळ्याशी चिकट थर साचला की फेस वर चढत नाही, म्हणून तो आठवड्यातून एकदा पुसावा. वीज जाऊन परत आल्यावर कप उतू जात नाही ना, हे तपासावे.

खरेदीआधी महिनाभर दर आठवड्याला नायट्रेट मोजा. आकडा चढत असेल तर आधी खाद्य कमी करा. तरीही चढतच राहिला, तर स्किमरवर केलेला खर्च सार्थकी लागेल.