चार शब्दांचं वाक्य, उणे ५१ गुण

ब्लॉग, संकेतस्थळ आणि फ्रीलान्स काम : ऑनलाइन टूल्सची लेखमाला, लेखांक ८

‘आईनं मुलांना जेवायला बोलावलं.’ या वाक्यात अवघड असं काहीच नाही. बालवाडीतल्या पोरालाही ते कळतं. पण मजकुराची सुगमता मोजणारं जे सूत्र जगभरच्या लेखन-टूल्समध्ये सर्वांत जास्त वापरलं जातं, ते या वाक्याला लावलं तर गुण येतात उणे ५१. ही मोजपट्टी साधारण शून्य ते शंभर अशी आहे. साठ-सत्तरच्या घरातला मजकूर सर्वसामान्य वाचकाला सहज समजतो, आणि तिशीच्या खालचा फार जड, पदवीधरांनाच झेपणारा असतो, असं त्या पट्टीचं सांगणं. म्हणजे आईची हाक पट्टीच्या तळाखाली पन्नास पायऱ्यांवर जाऊन बसली. डोमेन, होस्टिंग, बॅकअप असं बांधकामाचं सामान मागच्या लेखांकांत पाहून झालं. आजचा विषय लेखनाला गुण देणारी टूल्स हा आहे. माझं म्हणणं असं की, मराठीत लिहिणाऱ्यानं गुण देणाऱ्या टूल्सवर कमीत कमी भरवसा ठेवावा आणि जी टूल्स निकाल न देता नुसती नोंद दाखवतात, त्यांच्यावर जास्तीत जास्त.

उणे ५१ हा आकडा आला कुठून? ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये हे सूत्र मांडलं. २०६.८३५ या आकड्यातून दोन वजाबाक्या करायच्या. वाक्यामागे सरासरी शब्द किती, ते १.०१५ ने गुणून वजा करायचं. मग शब्दामागे सरासरी उच्चारखंड किती, ते ८४.६ ने गुणून वजा करायचं. शब्द लांब, वाक्य लांब, तर मजकूर अवघड, असा साधा हिशेब. हे विचित्र दिसणारे आकडे शाळकरी मुलांच्या वाचनचाचण्यांतले इंग्रजी उतारे तपासून काढलेले होते, आणि त्या कामापुरते ते चोखही होते. पुढे १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी याच घराण्यातलं आणखी एक सूत्र तयार झालं. पुढे लेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही हिशेब येऊन बसले.

आता आपलं वाक्य पाहा. आ-ई-नं, मु-लां-ना, जे-वाय-ला, बो-लाव-लं. चार शब्द, बारा खंड, सरासरी तीन. इंग्रजीत शब्दामागे सरासरी तीन खंड असलेलं वाक्य म्हणजे कायद्याची किंवा वैद्यकाची जडजंबाल भाषा. मराठीत ती स्वयंपाकघरातली बोली आहे, कारण आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘घरासमोर’ हा आपला एक शब्द, आणि तेवढंच सांगायला इंग्रजीला सुटे-सुटे पाच शब्द लागतात. तिथले शब्द आखूड आणि पुष्कळ, इथले लांब आणि थोडके. सूत्राला हे ठाऊक नाही, आणि ते असावं अशी अपेक्षाही चूक आहे. गंमत पुढेच आहे. इंग्रजी स्वर मोजून खंड ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला देवनागरीत एकही स्वर सापडणार नाही. अशा वेळी त्यानं प्रत्येक शब्द एका खंडाचा धरला, तर हेच वाक्य ११८ गुणांवर जातं. एकच हाक, एकदा तळाखाली आणि एकदा छपराच्या वर.

यावर कुणी म्हणेल, चुकला आकडा तर चुकला, दुर्लक्ष करावं. दुर्लक्ष करता आलं असतं तर हा लेखांक लिहिण्याची गरज नव्हती. अडचण अशी की आकडा समोर लुकलुकत राहिला की लिहिणारा वाक्य सोडतो आणि आकडा सुधारू लागतो. शब्दांची घनता मोजणारी टूल्स हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. ठरवलेला शब्द मजकुरात किती वेळा आला ते टूल मोजतं, आणि कमी आला तर नारिंगी नाहीतर लाल दिवा दाखवतं. इंग्रजीत शहराचं नाव वाक्यात कुठंही आलं तरी तसंच राहतं. मराठीत ‘पुणे’ हे रूप वाक्यात शिरलं की बहुधा ‘पुण्यात’, ‘पुण्याला’, ‘पुण्याहून’, ‘पुण्याच्या’ होतं. अक्षराला अक्षर लावून मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी यातल्या एकाही शब्दात ‘पुणे’ नाही. ‘पाणी’ या विषयावरच्या परिच्छेदात पाण्याची, पाण्यासाठी, पाण्याविना असे सात शब्द येऊनही हाती शून्य येऊ शकतं. मग लिहिणारा काय करतो? ‘पुणे मध्ये’ लिहितो. ‘पाणी च्या समस्या’ लिहितो. सामान्यरूप गिळून टाकलेली, प्रत्यय तोडून बाजूला ठेवलेली ही मराठी आज संकेतस्थळांवर जागोजागी दिसते. तिचा सगळा दोष टूल्सवर टाकता येणार नाही. घाईचा अनुवाद आणि यंत्राचा अनुवाद यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण लाल दिवा हिरवा करण्याचा मोह त्या सवयीला खतपाणी घालतो, हे उघड आहे.

अक्षरमोजणीतही हीच गफलत होते. शोधनिकालात शीर्षक तुटू नये म्हणून ते साठ अक्षरांच्या आत ठेवा, असा सल्ला बहुतेक टूल्स देतात. ‘महाराष्ट्रातील’ या शब्दात आपल्याला म, हा, रा, ष्ट्रा, ती, ल अशी सहा अक्षरं दिसतात. संगणक काना, वेलांटी आणि पायमोडकं चिन्हही वेगळं मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबी ती चौदा. साहजिकच नेटकं मराठी शीर्षकही टूलला लांबलचक वाटतं. प्रत्यक्षात शोधनिकालात शीर्षक तुटतं ते अक्षरांच्या संख्येवर नव्हे, तर पडद्यावर त्यानं व्यापलेल्या रुंदीवर. तेव्हा शीर्षक मोबाइलवर उघडून डोळ्यांनी पाहावं. त्याहून चांगलं टूल या कामाला नाही.

मात्र एका ठिकाणी संगणकाची ही मोजणी खरोखरच भोवते, आणि ती जागा फार थोड्यांच्या लक्षात येते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याच्या तुकड्याला दोनशे जागांची मर्यादा आहे. भागाकार केला तर हाती उरतात जेमतेम बावीस चिन्हं. ‘महाराष्ट्रातील दुष्काळ आणि चारा छावण्या’ असं शीर्षक दिलं, तर आपोआप तयार होणारा पत्ता ‘आणि’पाशी येऊन तुटतो. चारा नाही, छावणीही नाही. शिवाय हा पत्ता व्हॉट्सअॅपवर चिकटवला की अनेकदा टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब माळ उमटते आणि वाचकाला ती दुव्यापेक्षा बिघाडच वाटते. यावर उपाय सोपा आहे. पत्ता यंत्रावर न सोपवता आपण लिहावा, दोन-तीन शब्दांचा. तो रोमन लिपीत लिहिण्याला अनेकांचा तात्त्विक विरोध असतो, पण पत्ता ही वाचायची वस्तू नाही, पाठवायची आहे. इथे मी बिनदिक्कत रोमनच्या बाजूनं आहे. जुने, आधीच लोकांपर्यंत गेलेले पत्ते मात्र बदलत बसू नयेत.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. टूल चुकीचं असेल, पण गूगलही यंत्रच आहे ना? ते जर शब्द असेच मोजत असेल, तर मराठीचं सौंदर्य सांभाळून लेख दहाव्या पानावर पडायचा. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे : टूलचा हिरवा दिवा आणि गूगलचा क्रम यांचा काही करार आहे. तसा करार नाही. दिवे टूल बनवणाऱ्यांनी आपल्या अंदाजानं लावलेले असतात. पानाच्या मजकुरामागे लपवून ठेवलेली शोधशब्दांची यादी आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलं होतं. तरी ती यादी भरायला लावणारी टूल्स त्यानंतरही वर्षानुवर्षं चालत राहिली. दुसरं असं की, शब्दांचा संदर्भ पाहून प्रश्न समजून घेणारी बर्ट ही भाषाप्रणाली गूगलनं ऑक्टोबर २०१९ मध्ये आधी इंग्रजी शोधात आणली आणि त्याच वर्षी डिसेंबरात सत्तरहून अधिक भाषांत. त्या यादीत मराठी होती. मराठी शोध त्यामुळे इंग्रजीइतका तल्लख झाला, असा दावा मी करणार नाही. मात्र ‘पुणे’ आणि ‘पुण्यात’ यांचं नातं ओळखण्याच्या दिशेनं शोधयंत्र निघालेलं असताना आपण उलट्या दिशेनं ‘पुणे मध्ये’कडे जाणं हा तोट्याचा सौदा आहे, इतकं नक्की म्हणता येईल.

दुसरा आक्षेप असा की, हा सगळा भाषाभिमान आहे, बाहेरून आलेली पट्टी नको म्हणण्याचा. तसं असतं तर मी हनस्पेलचं नाव घेतलं नसतं. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांच्यात शब्दांखाली लाल रेघ ओढणारं हे शुद्धलेखन-तपासनीस यंत्र मुळात हंगेरियन भाषेसाठी बनलं. हंगेरियनही शब्दाला प्रत्ययांची माळ लावणारी भाषा. त्यामुळे मूळ शब्द आणि त्याला लागणारे प्रत्यय वेगळे नोंदवण्याची सोय यंत्राच्या घडणीतच आहे, आणि ती मराठीला उपयोगी पडते. मराठी शब्दसंग्रहात उणिवा आहेत, बरोबर रूपाखालीही रेघ येते, पण पाया योग्य जागी घातलेला आहे. तेव्हा प्रश्न परकेपणाचा नाही. पट्टी कोणत्या घडणीच्या भाषेवर आखली, एवढाच आहे. पानाचा वेग मोजणाऱ्या पेजस्पीड इनसाइट्सला भाषेशी देणंघेणंच नाही. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसतो का, हे ते पाहतं, आणि तिथला लाल दिवा मराठी साइटनंही गंभीरपणे घ्यावा. किंबहुना जास्तच घ्यावा, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइल बऱ्याचदा रोमनपेक्षा जड असतात. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ वापरताना सगळी वजनं न घेता दोनच घेतली, तरी फरक पडतो.

मग मराठी लेखकानं उघडावं काय? माझ्या मते सर्च कन्सोल, आणि तेही रोज नव्हे, महिन्यातून एकदा. हे मोफत आहे, गूगलचं स्वतःचं आहे, आणि लेखनाला कसलेही गुण देत नाही. लोकांनी काय टाइप केलं, तेव्हा तुमचं पान कितव्या जागी दिसलं, किती जणांनी ते उघडलं, एवढंच सोळा महिन्यांपर्यंत मागे जाऊन दाखवतं. फार थोड्यांनी विचारलेले प्रश्न ते खासगीपणासाठी झाकून ठेवतं, म्हणून बेरजा जुळत नाहीत. त्यानं बिचकू नये. या यादीत मराठी लेखकाला दिसतं ते कुठल्याही गुणपत्रिकेत दिसणार नाही : वाचक देवनागरीत शोधतो की रोमन अक्षरांत मराठी लिहून, ऱ्हस्व-दीर्घ कसं लिहितो, ‘टंचाई’ म्हणतो की ‘प्रॉब्लेम’. २०२१ पासून यात नमुना देऊन गाळणी लावता येते. गाळणीत ‘पाणी|पाण्या’ असं लिहिलं की मूळ शब्द आणि त्याची सामान्यरूपं एकत्र येतात. आपल्या व्याकरणाला जागा देणारी एवढी सोय मोफत टूलमध्ये क्वचितच मिळते. गूगल ट्रेंड्स मात्र जपून वापरावं. तिथले शंभरपैकी आकडे सापेक्ष असतात, आणि थोडक्या शोधांच्या मराठी शब्दाला ते कोरं पान दाखवतं. त्यावरून वाचक नाहीत असा निष्कर्ष काढू नये.

फ्रीलान्सरची गोष्ट थोडी निराळी, कारण त्याच्यासमोर टूलआधी गिऱ्हाईक असतं. हिरवा दिवा दाखवा, मग बिल काढू, असं ते म्हणतं तेव्हा भाषाशास्त्र सांगून पोट भरत नाही. तिथं कामाच्या आधीच लेखी ठरवून घ्यावं की मराठी मजकुराला सुगमतेचे आणि घनतेचे गुण लावले जाणार नाहीत. हवं तर तीन महिन्यांनी सर्च कन्सोलची नोंद एकत्र पाहावी. ज्यांना एआय टूल्सचं बिल वापरानुसार भरावं लागतं, त्यांनाही या पट्टीचा चटका बसतो. ही टूल्स मजकुराचे तुकडे मोजून पैसे लावतात, आणि देवनागरीचे तुकडे जास्त पडतात. मे २०२४ मध्ये ओपनएआयनं नवं मॉडेल आणताना स्वतःच दाखवलं की मराठीतला एक नमुना आधी ९६ तुकड्यांत मोडत होता, तो आता ३३ मध्ये बसतो. म्हणजे तोवर तेच वाक्य जवळजवळ तिप्पट महाग पडत होतं.

आणि शब्दमोजणी. ‘आईच्या घरासमोरच्या झाडाखाली’ हे मराठीत तीन शब्द, साध्या इंग्रजीत आठ. शब्दाला अमुक रुपये या दरानं अनुवाद करणाऱ्यानं मराठी शब्द मोजून बिल लावलं, तर अशा ओळीत निम्म्याहून जास्त मोबदला तो स्वतःच सोडून देतो. म्हणून इंग्रजीतून मराठीत असो की मराठीतून इंग्रजीत, हिशेब नेहमी इंग्रजी बाजूच्या शब्दांवर करावा आणि दर सांगतानाच तसं लिहून द्यावं. मूळ मराठी लेखन असेल, तर शब्दाचा दर घेऊच नये. लेखागणिक रक्कम ठरवावी, आणि फेरफार किती वेळा करून देणार, तेही त्याच ओळीत नोंदवावं.