कडुनिंबाची वेस

वावटळ उठली की आपण आधी खिडक्या लावतो, वाळत घातलेले पापड उचलतो. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिण काठावर नायजर देश आहे. त्याची राजधानी नियामे. तिथे हिवाळ्यात हरमॅटन वारा वाळवंटाची धूळ घेऊन येतो. तो अडवायला १९६५ पासून शहराभोवती झाडांचा राखीव पट्टा लावला गेला. त्यात आपला कडुनिंबही आहे, विसाव्या शतकात भारतातून तिकडे गेलेला! झाडं वाऱ्याचा जोर मोडतात, मुळं माती धरतात. पण शहर वाढलं, पट्ट्यात घरं उठली, सरपणासाठी झाडं तुटली.

दोष कुणाला द्यायचा? चूल तर पेटायलाच हवी! मैत्रिणींनो, झाड राखायचं, तर आधी त्या बाईच्या सरपणाची सोय बघायला नको का?